पावसाळ्यापूर्वी दप्तराची दुसरी प्रत
संगणकाच्या लेखी आज्ञांचा परिचय

२२ जुलै २०२१ रोजी वाशिष्ठी आणि शिव या नद्यांचे पाणी चिपळूण शहरात शिरले. जुलै २००५ मधील महापुराच्या आठवणी अनेकांच्या मनात ताज्या होत्या, परंतु या वेळचे पाणी त्या खुणाही ओलांडून गेले. एस. टी. आगारात पाणी चढू लागले तेव्हा आगार व्यवस्थापक व त्यांच्या सहकाऱ्यांनी सुमारे नऊ लाख रुपयांची रोकड घेऊन बसच्या टपावर आश्रय घेतला आणि तेथे कित्येक तास काढून सरकारी पैसा वाचविला. त्यांच्या कर्तव्यनिष्ठेचे सर्वत्र कौतुक झाले, आणि ते योग्यच होते.

रोकड एका पिशवीत मावते. दप्तर मावत नाही. कपाटे उचलून टपावर नेता येत नाहीत. १८६४ पासून चालत आलेल्या चिपळूणच्या लोकमान्य टिळक स्मारक वाचन मंदिराच्या ग्रंथसंपदेला दोन्ही पुरांत मोठी हानी सोसावी लागली. घराघरांतून, दुकानांतून आणि कचेऱ्यांतून चिखलाने माखलेले कागद बाहेर काढून वाळत घालावे लागले. कागदाची ही गत, तर संगणकाची त्याहून निराळी नाही. टेबलाखाली ठेवलेला संगणक पाण्यात गेला की त्यातील सर्व नोंदीही त्याच्याबरोबर जातात.

ग्रामपंचायतींचे जमाखर्च २०२० पासून ई-ग्रामस्वराज या प्रणालीत नोंदविले जाऊ लागले आणि शाळांची बरीच माहितीही मध्यवर्ती प्रणालींत जाते. त्या नोंदी गावातील पुराने बुडत नाहीत. तथापि ग्रामसभेच्या इतिवृत्तांचे मसुदे, जुन्या नोंदवह्यांची स्कॅन केलेली पाने, कामांची छायाचित्रे, पत्रव्यवहार, पाणीपुरवठा योजनेचे नकाशे, शाळेच्या जनरल रजिस्टरच्या प्रतिमा, असा फार मोठा ऐवज अजूनही एकाच संगणकात असतो. त्याची दुसरी प्रत नियमाने काढणे आणि ती प्रत खरी आहे याची खात्री करणे, हे काम कसे करता येईल याचा विचार येथे केला आहे. या कामी संगणकाची एक जुनी आणि काहीशी दुर्लक्षित सोय फार उपयोगी पडते. ती सोय म्हणजे कमांड लाइन, अर्थात आज्ञेची ओळ.

आज्ञेची ओळ म्हणजे काय?

आज संगणक म्हटला की पडद्यावरील चित्रे आणि माऊस डोळ्यांपुढे येतात. परंतु संगणकाशी व्यवहार करण्याची मूळ रीत लेखी होती. वापरणाऱ्याने एक ओळ टंकित करावी, एंटरची कळ दाबावी आणि संगणकाने तेवढेच काम करून उत्तर द्यावे. अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत १९६९ साली केन थॉम्प्सन व डेनिस रिची यांनी आरंभ केलेली युनिक्स प्रणाली याच रीतीवर उभी राहिली. १९९१ साली फिनलंडमधील लिनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्याने सुरू केलेल्या लिनक्सनेही तीच रीत स्वीकारली. आपल्याकडे १९७६ साली राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राची स्थापना झाली आणि १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धात त्याच्या निकनेट या उपग्रहाधारित जाळ्याने जिल्ह्यांची ठिकाणे जोडली जाऊ लागली. त्या काळच्या कचेऱ्यांतील संगणकांवरही काम चाले ते बहुतांशी अशा आज्ञा टंकित करूनच.

चित्रे आल्यावरही ही रीत टिकून राहिली, याचे कारण शासकीय कामकाजाची सवय असलेल्यांना सहज पटेल. तोंडी सांगितलेले काम आणि लेखी आदेश यांत जो फरक आहे, तोच माऊसने केलेले काम आणि टंकित आज्ञा यांत आहे. माऊसने कोणते फोल्डर कोठे ओढले हे दुसऱ्या दिवशी सांगता येत नाही. लेखी आज्ञा मात्र तशीच्या तशी पुन्हा देता येते, दुसऱ्याकडून तपासून घेता येते आणि बदली होऊन जाणाऱ्याला येणाऱ्याच्या हाती सोपविता येते.

या आज्ञा संगणकावर रोमन लिपीत टंकित कराव्या लागतात. या लेखात त्या देवनागरीत दिल्या आहेत. आडव्या रेषेने जोडलेले प्रत्येक अक्षर हे एकेक रोमन अक्षर समजावे आणि टंकित करताना मधली रेषा गाळून सर्व अक्षरे लहान लिपीत सलग लिहावीत. आज्ञा, तिचे पर्याय आणि फाइलचे नाव यांच्यामध्ये मात्र एकेक मोकळी जागा सोडणे आवश्यक असते.

आरंभीची सिद्धता

उबुंटूसारख्या लिनक्स प्रणालीत कंट्रोल, ऑल्ट आणि टी या तीन कळा एकत्र दाबल्या असता टर्मिनल नावाची खिडकी उघडते. सी-डॅक या संस्थेने २००७ पासून वितरित केलेली बॉस ही भारतीय भाषांची सोय असलेली प्रणालीही लिनक्सचाच एक प्रकार असल्याने तेथेही याच आज्ञा चालतात. ज्या कचेऱ्यांत विंडोज आहे तेथे कमांड प्रॉम्प्ट ही खिडकी उपलब्ध असते. तिच्या आज्ञा निराळ्या आहेत आणि त्यांचा उल्लेख पुढे येईल.

प्रथम कागदांची मांडणी नीट करावी. प्रत्येक वर्षाचे एक फोल्डर असावे. फाइलच्या नावात आरंभी वर्ष, मग महिना, मग दिवस लिहावा. म्हणजे यादी आपोआप कालक्रमाने लागते. महिना व दिवस नेहमी दोन अंकी लिहावेत. नावात मोकळी जागा न ठेवता शब्द आडव्या रेषेने जोडावेत, कारण आज्ञेच्या ओळीत मोकळी जागा म्हणजे एक शब्द संपल्याची खूण होय. मोकळी जागा असलेली नावे आधीच पडली असतील तर ती अवतरणचिन्हांत घालून लिहावी लागतात.

नवशिक्यांची भीती दूर करणाऱ्या चार सोयी आरंभीच जाणून घ्याव्यात. नावाची पहिली काही अक्षरे लिहून टॅबची कळ दाबली असता, त्या अक्षरांचे एकच नाव असल्यास, उरलेले नाव संगणक स्वतः पूर्ण करतो. वरच्या बाणाची कळ दाबली असता आधी दिलेली आज्ञा पुन्हा समोर येते. कंट्रोल आणि सी दाबल्यास चालू असलेले काम थांबते. आणि एखादे फोल्डर माऊसने ओढून या खिडकीत सोडले तर त्याचा संपूर्ण पत्ता तेथे आपोआप लिहिला जातो. लांबलचक पत्ते टंकित करण्याचे कारण उरत नाही.

पहिल्या काही आज्ञा

'पी-डब्ल्यू-डी' ही आज्ञा आपण सध्या कोणत्या फोल्डरमध्ये आहोत ते सांगते. काम सुरू करण्यापूर्वी ती देण्याची सवय लावून घ्यावी. अनेक चुका जागा न पाहता काम केल्याने होतात. 'एल-एस' ही आज्ञा त्या जागेतील फाइलींची यादी देते. 'सी-डी' आणि फोल्डरचे नाव दिल्यास त्या फोल्डरमध्ये जाता येते. 'एम-के-डी-आय-आर' नवे फोल्डर तयार करते.

'सी-पी' ही प्रत काढण्याची आज्ञा आहे. तिच्यापुढे प्रथम मूळ फाइलचे नाव आणि नंतर प्रतीचे नाव लिहावयाचे. त्या नावाची फाइल आधीपासून असली तर संगणक न विचारता ती पुसून नवी लिहितो. म्हणून आज्ञेनंतर आडव्या रेषेसह 'आय' हे अक्षर लिहावे. मग जुन्या फाइलवर लिहिण्यापूर्वी संगणक परवानगी मागतो. 'एम-व्ही' ही आज्ञा फाइल एका जागेहून दुसऱ्या जागी हलविते. तिच्यातही 'आय' ची हीच खबरदारी लागू पडते.

'आर-एम' ही आज्ञा फाइल काढून टाकते. तिला केराची टोपली नाही; गेलेली फाइल सहजासहजी परत मिळत नाही. दप्तराच्या कामात नवशिक्याने ही आज्ञा न वापरणेच इष्ट होय. कोणत्याही आज्ञेविषयी शंका असल्यास 'एम-ए-एन' आणि त्या आज्ञेचे नाव टंकित केल्यावर तिची माहितीपत्रिका उघडते. ती बंद करण्यासाठी 'क्यू' ची कळ दाबावी. माहितीपत्रिका इंग्रजीत असते. मराठीतून शिकू इच्छिणाऱ्यांसाठी मुंबईच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेच्या स्पोकन ट्यूटोरियल प्रकल्पाने लिनक्सच्या आज्ञांचे ध्वनिचित्रित पाठ विनामूल्य उपलब्ध केले आहेत.

दुसरी प्रत

दररोज सगळे दप्तर नव्याने उतरविणे वेळखाऊ असते. अँड्र्यू ट्रिजेल व पॉल मॅकेरास यांनी १९९६ साली तयार केलेली 'आर-एस-वाय-एन-सी' ही आज्ञा येथे उपयोगी पडते. मूळ फोल्डर आणि प्रतीचे फोल्डर यांची ती तुलना करते आणि जे नवे किंवा बदललेले असेल तेवढेच उतरविते. पहिल्या दिवशी तास लागला तरी पुढे काही मिनिटांत काम होते.

या आज्ञेनंतर एका आडव्या रेषेमागून 'आर', 'टी', 'व्ही' आणि 'एन' ही चार अक्षरे सलग लिहावीत. 'आर' म्हणजे आतील सर्व फोल्डरांसह. 'टी' म्हणजे फाइलींच्या मूळ तारखा कायम ठेवून. 'व्ही' म्हणजे केलेल्या कामाची यादी दाखवीत. 'एन' चा अर्थ फार महत्त्वाचा आहे: काय होणार ते नुसते सांग, प्रत्यक्ष काही करू नको. त्यानंतर मूळ फोल्डरचा पत्ता आणि मग बाहेरील हार्ड डिस्कवरील फोल्डरचा पत्ता द्यावा. समोर आलेली यादी वाचावी, आणि ती अपेक्षेप्रमाणे असल्यास वरच्या बाणाने तीच आज्ञा परत आणून त्यातील 'एन' तेवढे काढून पुन्हा द्यावी. आदेशावर स्वाक्षरी करण्यापूर्वी मसुदा वाचावा, तसाच हा प्रकार आहे.

येथे एका बारकाव्याकडे लक्ष द्यावे. मूळ फोल्डरच्या पत्त्याशेवटी तिरकी रेघ असेल तर त्या फोल्डरमधील फाइली उतरतात. रेघ नसेल तर ते फोल्डरच संपूर्ण उतरते. एकदा रेघ द्यायची आणि एकदा नाही असे झाले तर एकाच दप्तराच्या दोन प्रती दोन ठिकाणी तयार होऊन घोटाळा माजतो. एकच पद्धत ठरवून ती लिहून ठेवावी.

विंडोजमध्ये हेच काम 'रोबोकॉपी' ही आज्ञा करते. तिला तिरक्या रेघेसह 'ई' हे अक्षर दिले की आतील सर्व फोल्डर उतरतात आणि तशाच रेघेसह 'एल' दिले की ती केवळ यादी दाखविते. तिचा 'एम-आय-आर' हा पर्याय मात्र जपून वापरावा. मूळ जागेतून जे गेले ते तो प्रतीतूनही काढून टाकतो. एखादी फाइल चुकून पुसली गेली असेल तर तिची उरलेली एकुलती प्रतही त्याबरोबर जाते.

प्रत खरी आहे काय?

कागदाच्या प्रतीवर 'खरी प्रत' असा शेरा मारून अधिकारी सही करतो. संगणकातील प्रतीसाठीही तशी व्यवस्था आहे. 'एस-एच-ए-२५६-एस-यू-एम' ही आज्ञा फाइल आरंभापासून अखेरपर्यंत वाचून तिचा चौसष्ट अक्षरी ठसा काढते. आज्ञेतील २५६ हा आकडा इंग्रजी अंकांत लिहावा. फाइलमध्ये एका अक्षराचा फरक पडला तरी ठसा पार बदलतो. वर्षाच्या फोल्डरमधील सर्व फाइलींचे ठसे एका फाइलमध्ये लिहून ठेवावेत आणि ती यादी प्रतीबरोबर न्यावी. प्रतीच्या फोल्डरमध्ये जाऊन याच आज्ञेला आडव्या रेषेसह 'सी' हे अक्षर व यादीचे नाव दिले की संगणक प्रत्येक फाइल तपासून ती ठीक आहे की बिघडली आहे ते सांगतो. विंडोजमध्ये एकेका फाइलचा असा ठसा 'सर्टयुटिल' या आज्ञेने काढता येतो.

ठशाची मर्यादाही ओळखावी. प्रत मुळाबरहुकूम आहे एवढेच तो सांगतो. मूळ पान उलटे किंवा अस्पष्ट स्कॅन झाले असेल तर ठसा तेही बरोबरच म्हणेल. ते पाहण्यास माणसाचे डोळेच हवेत.

देवनागरीच्या काही खुणा

आज्ञा रोमन लिपीत असल्या तरी फाइलींची नावे आणि आतील मजकूर मराठीत असण्यास अडचण नाही. मात्र काही गोष्टी ठाऊक असाव्यात. 'रत्नागिरी' हा शब्द डोळ्यांना चार अक्षरांचा दिसतो. युनिकोड पद्धतीत अर्धा त करणारे हलन्त चिन्ह, काना आणि वेलांट्या ही स्वतंत्र चिन्हे धरली जात असल्याने संगणकाच्या लेखी त्यात नऊ चिन्हे आहेत. आणि लिनक्समध्ये प्रचलित असलेल्या साठवणुकीच्या पद्धतीत देवनागरीचे प्रत्येक चिन्ह तीन बाइट जागा घेत असल्याने तो शब्द सत्तावीस बाइटचा होतो. लिनक्समधील फाइलच्या नावाला सामान्यतः २५५ बाइटची मर्यादा असते. म्हणजेच मराठी नाव पंचाऐंशी चिन्हांपुढे जाऊ शकत नाही. विंडोजमधील मर्यादा निराळ्या रीतीने मोजली जाते. त्यामुळे तेथे चाललेले लांब मराठी नाव लिनक्सवर उतरविताना नाकारले जाते आणि नेमकी तीच फाइल प्रतीत येत नाही. नावे आटोपशीर ठेवणे हा यावरील सोपा उपाय होय.

शोधाच्या बाबतीतही अशीच दक्षता लागते. 'जी-आर-ई-पी' ही आज्ञा साध्या मजकुराच्या फाइलींत एखादा शब्द ज्या ज्या ओळींत असेल त्या ओळी काढून देते. स्कॅन केलेल्या चित्रांत तिला शोधता येत नाही. यास्तव प्रत्येक फोल्डरमध्ये साध्या मजकुराची एक सूची ठेवावी: तारीख, विषय आणि फाइलचे नाव, प्रत्येक कागदास एक ओळ. मग 'पाणीपुरवठा' या एका शब्दावर दहा वर्षांचे कागद क्षणात सापडतात.

परंतु 'किनाऱ्यावर' या शब्दातील आडवा र दोन प्रकारांनी टंकित होऊ शकतो. एका प्रकारात त्यासाठी स्वतंत्र चिन्ह वापरले जाते. दुसऱ्यात साधा र, हलन्त आणि एक अदृश्य जोडचिन्ह वापरले जाते. छपाईत दोन्ही सारखे दिसतात, पण शोधताना एक सापडतो व दुसरा निसटतो. इनस्क्रिप्ट कळफलकावर शिफ्टसह र ची कळ दाबली असता स्वतंत्र चिन्ह मिळते. कचेरीतील सर्वांनी तेच वापरावे. हीच गोष्ट अंकांची. इंग्रजी अंकांतील वर्ष आणि देवनागरी अंकांतील वर्ष ही संगणकाला दोन भिन्न नावे वाटतात. सूचीत कोणते अंक वापरावयाचे ते एकदा ठरवून टाकावे.

युनिकोडपूर्व काळात विशिष्ट फाँटमध्ये टंकित केलेले मजकूर हा आणखी एक प्रश्न आहे. तो फाँट नसलेल्या संगणकावर असा मजकूर निरर्थक रोमन अक्षरांसारखा दिसतो आणि मराठी शब्द देऊन तो शोधताही येत नाही. असा मजकूर युनिकोडमध्ये रूपांतरित करून घ्यावा, तज्ज्ञ नजरेने वाचून पाहावा आणि मूळ फाइलही जपून ठेवावी.

प्रत कोठे ठेवावी?

ज्या टेबलावर संगणक, त्याच टेबलाच्या खणात हार्ड डिस्क, अशी व्यवस्था असेल तर पुराच्या दृष्टीने ती एकच प्रत होय. किमान दोन प्रती असाव्यात आणि त्यांपैकी एक पूररेषेबाहेर, शक्य तर वेगळ्या गावी, अधिकृत कचेरीत ठेवावी. ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळाने दापोली व मंडणगड तालुक्यांत घरांची आणि शाळांची छपरे उडविली. तेव्हा उंचावर ठेवलेली वस्तू सुरक्षित असतेच असे नाही. प्रत काढून झाल्यावर डिस्क संगणकापासून अलग करावी. जोडून ठेवलेली डिस्क वीज पडून किंवा संगणकात शिरलेल्या घातक आज्ञावलीमुळे मुळाबरोबरच निकामी होते.

दप्तरात नागरिकांची खाजगी माहितीही असते. तिची प्रत कोणाच्या ताब्यात राहील, कोण काढील व कोण नेईल हे प्रमुखाच्या लेखी संमतीने ठरवावे. डिस्कला परवलीचा शब्द असावा आणि तो एकाच व्यक्तीच्या स्मरणावर अवलंबून नसावा. तसेच अनोळखी ठिकाणाहून मिळालेली आज्ञा अर्थ समजल्याशिवाय संगणकावर देऊ नये. संगणक आज्ञेचे पालन करतो. देणाऱ्याचा हेतू तो जाणत नाही.

नोंदवहीत एक पान

या सर्वांचे सार एका पानावर मावते. कोणती आज्ञा, कोणत्या क्रमाने, कोणत्या वारी द्यावयाची आणि डिस्क कोठे आहे, हे हाताने लिहून नोंदवहीत चिकटवावे. प्रत्येक वेळी तारीख, तपासणीचा निकाल आणि सही करावी. संगणक परिचालक बदलला, मुख्याध्यापकांची बदली झाली, तरी ते पान काम चालू ठेवते. वर्षातून एकदा प्रतीतील कोणतीही एक फाइल दुसऱ्याच संगणकावर उघडून पाहावी. जी प्रत परत उघडून पाहिलेली नाही, तिच्यावर विसंबून राहता येत नाही.

कोकणात मृग लागण्यापूर्वी घरे शाकारली जातात, लाकूडफाटा आत घेतला जातो, आगोटीची बेगमी होते. पाऊस येणार हे ठाऊक असते. यंदा किती येणार हे कोणालाच ठाऊक नसते. त्या बेगमीत दप्तराच्या दुसऱ्या प्रतीचाही समावेश झाला, तर पाणी ओसरल्यावर एखाद्या वृद्धेला तिच्या घराची नोंद दाखविण्यासाठी चिखलातील कागद चाळत बसावे लागणार नाही.